दर गुरुवारचा अंदाज गावाच्या फळ्यावर लावा: नाशिक जिल्हा प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, नाशिक,
आणि गंगापूर-दारणा खोऱ्यातल्या धरणांचा विसर्ग ठरवणारे जलसंपदा विभागाचे अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा जवळ आला की आपल्या जिल्ह्यात दोनच प्रश्न कानावर येतात. यंदा एल निनो (पॅसिफिकच्या पाण्याचे तापणे, ज्याने आपला पाऊस घटण्याची भीती असते) आहे का, आणि मृगाचा पाऊस वेळेवर येणार का? पहिल्याचे उत्तर लोक पॅसिफिक महासागरात शोधतात, दुसऱ्याचे केरळच्या किनाऱ्यावर. भारताच्या दक्षिणेला विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या हिंदी महासागराबद्दल मात्र कुणी विचारत नाही. तिथे ढगांचे पट्टे कधी उसळतात आणि कधी विरतात, यावर आपल्याकडची झड आणि उघडीप बऱ्याच अंशी ठरते. ही हालचाल दोन-तीन आठवडे आधी ओळखता येते. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज जाहीर करतो, त्यात ती दिसते. तो अंदाज मराठीत, समजेल अशा भाषेत, शुक्रवारपर्यंत गावाच्या फळ्यावर लागावा आणि पावसाळ्यात धरणांच्या प्रत्येक आढावा बैठकीत टेबलावर असावा, एवढे मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी निफाड तालुक्यातला. शाळेत भूगोल शिकवला आणि घरची द्राक्षबाग व कांदा सांभाळला. हवामानखात्यात मी कधी नव्हतो. पण ज्या विषयाची पायाभरणी मोठ्या प्रमाणावर मराठी माणसांनी आणि पुण्यातल्या संस्थांनी केली, तो विषय पुण्याहून दोनशे किलोमीटरवरच्या नाशिकच्या बांधापर्यंत अजून उतरलेला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आधी हे घडते कसे ते सांगतो, कारण मागणीचे सगळे बळ त्यातच आहे.

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की त्यावर उंच पावसाळी ढग उभे राहण्याची शक्यता एकदम वाढते. हा उंबरठा सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिला. गाडगीळ मूळच्या पुण्याच्या, पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी आयुष्यभर मान्सूनवर काम केले. विषुववृत्ताजवळचा हिंदी महासागर बहुतेक काळ या उंबरठ्यावर किंवा त्याच्याही वर असतो. तिथली ओलसर हवा वर चढते, बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, ती उष्णता हवेला आणखी वर नेते आणि ढगांचे माथे बारा-पंधरा किलोमीटर उंची गाठतात. ही वर गेलेली हवा कुठेतरी खाली उतरतेच. उतरताना ती दाबली जाते, तापते, कोरडी होते आणि खालच्या ढगांना वाढू देत नाही. समुद्रावर जोर असताना ही उतरती हवा अनेकदा मध्य भारतावर आणि महाराष्ट्रावर येते. आपण म्हणतो, पावसाने दडी मारली. आकाशात तुरळक ढग पळत असतात, वारा भरपूर असतो आणि थेंब मात्र पडत नाही.

म्हणजे समुद्रावरचा पट्टा आणि जमिनीवरचा पट्टा यांच्यात चुरस असते. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि शेतकऱ्याच्या कामाचा भाग इथूनच सुरू होतो. समुद्रावरचा पट्टा पावसाळ्यात तिथेच बसून राहत नाही, तो उत्तरेकडे सरकू लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत दीर्घकाळ काम केलेले देव राज सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहांची रोजची छायाचित्रे लावून पाहिली आणि १९८० मध्ये हे मांडले: विषुववृत्ताजवळ उठलेला ढगांचा पट्टा उत्तरेकडे चालत येतो, जमिनीवरच्या विरत चाललेल्या पट्ट्याची जागा घेतो आणि मान्सूनला पुन्हा जीव देतो. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने हे घडत राहते. पट्ट्याच्या पुढे आकाश निरभ्र असते, तिथे ऊन समुद्राला तापवत असते; मागे ढगांच्या सावलीत आणि पावसात समुद्र थंडावतो. शिवाय मान्सूनच्या वाऱ्यांची रचनाच अशी असते की पट्ट्याच्या उत्तर अंगाला ओलावा आणि हवेचा भोवरा वाढतो. म्हणून तो पुढे सरकतो.

त्याचा वेग साधारण दिवसाला एक अक्षांश. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सातवीतला विद्यार्थीही हिशेब करील: विषुववृत्तावर आज जोरदार उठाव झाला, तर त्याचा परिणाम आपल्यापर्यंत यायला अडीच-तीन आठवडे लागतील. प्रत्येक पट्टा इथवर पोचतोच असे नाही. काही वाटेत विरतात, काही बंगालच्या उपसागरात रेंगाळतात. तरीही एवढी मोठी पूर्वसूचना निसर्ग आपल्याला फुकट देत असताना आपण ‘पुढील तीन तासांत विजांसह पाऊस’ या संदेशावर पेरणी ठरवतो, हे मला पटत नाही.

या उत्तरेकडच्या हालचालीला आणखी एक मोठी लाट जोडलेली असते. १९७१ मध्ये रोलँड मॅडेन आणि पॉल ज्युलियन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पॅसिफिकमधल्या कँटन बेटावरच्या वाऱ्याच्या नोंदी तपासताना तिचा माग काढला. ढग आणि वाऱ्याची ही लाट हिंदी महासागरावरून पूर्वेकडे, इंडोनेशियावरून पॅसिफिककडे जाते, सेकंदाला सुमारे पाच मीटर, म्हणजे दिवसाला साधारण चारशे किलोमीटर या वेगाने. एक फेरी ३० ते ६० दिवसांची. तिला मॅडेन-ज्युलियन दोलन म्हणतात, बातम्यांत ‘एमजेओ’ असे ऐकू येते. तज्ज्ञ तिच्या मार्गाचे आठ टप्पे करतात. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात ती हिंदी महासागरावर असते, तेव्हापासून मान्सूनला बळ मिळण्याची शक्यता वाढत जाते. ती पॅसिफिकच्या मध्यापलीकडे गेली की आपल्याकडे उघडिपीचा धोका वाढतो. उन्हाळी मान्सूनच्या काळात तिचा पूर्वेकडचा जोर थोडा कमी असतो आणि उत्तरेकडे वळण्याची प्रवृत्ती जास्त.

आता एल निनोकडे येतो, कारण एप्रिलमध्ये त्या एका शब्दाने बियाण्याच्या दुकानापासून सोसायटीच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे चिंता पसरते. १९९७ मध्ये शतकातला एक अत्यंत तीव्र एल निनो होता. देशाचा पाऊस त्या वर्षी सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ मध्ये एल निनो त्याच्या तुलनेत बराच सौम्य होता, आणि तरी पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला, जुलैचा तर जवळपास निम्माच पडला. फरक कुठे होता? हिंदी महासागरात. १९९७ मध्ये विषुववृत्तीय हिंदी महासागराच्या पश्चिम भागावर ढगांचा जोर होता, आफ्रिकेच्या बाजूला. तो आपल्या मान्सूनला साथ देतो. २००२ मध्ये जोर पूर्वेला, सुमात्राच्या बाजूला होता. पूर्व-पश्चिम हेलकाव्याच्या या दोन बाजूंचा अभ्यास गाडगीळांच्या गटाने २००४ च्या सुमारास केला. समुद्राच्या तापमानातला असाच पूर्व-पश्चिम फरक, ज्याला आपण हिंदी महासागरातील द्विध्रुव म्हणतो, तो १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी मांडला. एल निनो महत्त्वाचा आहे, त्याचे वजन मी कमी करत नाही. पण त्याच्यावरून साऱ्या हंगामाचा कल फार तर कळतो. कांद्याचे रोप कोणत्या पंधरवड्यात टाकायचे हे त्यावरून कळत नाही.

२०२३ आठवा. जूनमध्ये पाऊस उशिरा आला, जुलैत देशभर चांगला झाला, आणि मग ऑगस्ट कोरडा गेला. देशात ३६ टक्के तूट, १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट. हवामान विभागाने एल निनोबरोबरच मॅडेन-ज्युलियन दोलनाच्या प्रतिकूल टप्प्याचेही कारण दिले. सप्टेंबरमध्ये पाऊस परतला, पण जिल्ह्याच्या पूर्व भागातली पिके तोवर गेली होती. त्या वर्षी राज्य सरकारने जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत आपले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. आणि ऑक्टोबरअखेर नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्या पाण्यावरून आपल्याकडे आणि मराठवाड्यात काय वातावरण होते ते आपण सगळ्यांनी पाहिले. १५ ऑक्टोबरचा साठा मोजून समन्यायी वाटप ठरते, हा नियम आहे आणि तो असायला हवा. पण त्या साठ्याचे भवितव्य ऑगस्टमध्ये, त्या लांबलेल्या उघडिपीत ठरत होते. आवर्तनाचे नियोजन, पिकाचा सल्ला, टँकरची तयारी हे सगळे उघडीप सुरू होण्याच्या आठवडाभर आधी हलू लागले असते, तर किती तरी फरक पडला असता.

याच्या नेमके उलट २०१९. जून देशभर एक तृतीयांश तुटीचा. मग हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापत गेला, द्विध्रुव जोरात आला आणि पावसाने थांबायचे नावच घेतले नाही. ४ ऑगस्टला गोदावरीला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. सप्टेंबरमध्ये देशात सरासरीच्या दीडपट पाऊस झाला, आणि मान्सूनची परत फिरण्याची सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली, तोवरच्या नोंदींत सर्वांत उशिरा. त्यानंतर अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि लगोलग ‘महा’ ही चक्रीवादळे. ज्यांच्या बागांची छाटणी लवकर झाली होती, विशेषतः कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातले अर्ली द्राक्षवाले, त्यांचे घड फुलोऱ्यात आणि पोंग्यात असताना पाऊस कोसळत राहिला. डावणी आणि घडकूज या रोगांनी वर्षाची कमाई नेली. ऑक्टोबर छाटणी पंधरा दिवस पुढे-मागे करणे हा द्राक्षवाल्याच्या हातातला मोठा निर्णय असतो. तो निर्णय पाच दिवसांच्या अंदाजावर घेता येत नाही आणि हंगामाच्या अंदाजावरही नाही. दोन-तीन आठवड्यांचे चित्रच तिथे उपयोगी पडते.

२०२५ चा अनुभव तर सगळ्यांना ताजा आहे. २४ मे रोजी मान्सून केरळात, २६ मे रोजी मुंबईत. मे महिन्याच्या पावसाने शेतात आणि चाळीजवळ पडलेला उन्हाळ कांदा भिजला, मशागतीला वाफसा मिळेना. आणि एवढ्या लवकर आलेला पाऊस महिनाअखेरीस थबकला, जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकलाच नाही. कृषी विभागाने त्या वेळी पेरणीची घाई करू नका असे सांगितले, ते योग्यच होते. ‘घाई करू नका’ याच्या जोडीला ‘का’ आणि ‘कधीपर्यंत’ हेही सांगता आले, तर शेतकरी जास्त ऐकेल. तो अडाणी नाही. दुबार पेरणीचा खर्च त्याला तोंडपाठ असतो.

इथे आपल्या जिल्ह्याची एक अडचण सांगायलाच हवी. विस्तारित अंदाजाच्या नकाशात आपण ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतो, आणि तो नंदुरबार-जळगावपासून थेट कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलेला आहे. एवढ्या मोठ्या पट्ट्याला एकच रंग. आपल्या एका जिल्ह्यातच इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. उघडीप असली तरी इगतपुरी, त्र्यंबक, पेठच्या घाटमाथ्यावर पश्चिमेचे वारे आदळत राहतात आणि भाताला, नागलीला पुरेल एवढी रिपरिप चालू राहते. चांदवड ओलांडले की तेच वारे कोरडे असतात. पूर्व भागाला खरा पाऊस मिळतो तो बंगालच्या उपसागरातून कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकत आली तर, आणि ती येतात समुद्रावरचा पट्टा उत्तरेत पोचल्यावर. म्हणजे विषुववृत्तावरच्या त्याच एका घडामोडीचा अर्थ त्र्यंबकमध्ये वेगळा आणि नांदगावमध्ये वेगळा. हा अर्थ लावणे पुण्या-दिल्लीत बसलेल्या शास्त्रज्ञाचे काम नाही. ते इथेच, जिल्ह्यात, तालुका ओळखणाऱ्या माणसाने करायला हवे. कृषी विद्यापीठाची माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत, महाविद्यालयांत भूगोलाचे आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्यातल्या दोन-तीन जणांनी बसून एक पान लिहावे: घाटमाथा, निफाड-दिंडोरीचा मधला पट्टा आणि पूर्व भाग यांच्यासाठी वेगवेगळे.

आणि ते नक्षत्रांच्या भाषेत लिहावे, ही माझी खास विनंती. आपल्या शेतकऱ्याचा पावसाळा मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असा चालतो. एका नक्षत्राचा काळ साडेतेरा दिवसांच्या आसपास असतो, आणि विस्तारित अंदाज जिथवर सर्वाधिक विश्वासार्ह असतो तो काळही साधारण दोन आठवड्यांचाच. नक्षत्रांवरून पाऊस पडतो असे मी म्हणत नाही. सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे एवढेच ते सांगते. पण ते आपले कालमापन आहे, घरोघरी माहीत असलेले. ‘पुष्याच्या उत्तरार्धात पूर्व भागात पाऊस सरासरीहून कमी राहण्याची शक्यता जास्त, आश्लेषात सुधारणा दिसते’ असे वाक्य ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले, तर ते पारावर वाचले जाईल आणि त्यावर चर्चा होईल. सरासरीपासूनच्या विचलनाचा रंगीत नकाशा मोबाइलवर आला तर कुणी उघडतही नाही.

धरणांबद्दल थोडे काळजीपूर्वक लिहितो, कारण तिथे जोखीम मोठी आहे. गंगापूर धरणाची क्षमता साडेपाच टीएमसीच्या थोडी वर, आणि खाली काही किलोमीटरवर अख्खे शहर. जुलैअखेर धरण भरत आलेले असताना पुढचे दोन आठवडे जोराचे दिसत असतील, तर विसर्ग थोडा आधीपासून आणि थोडा-थोडा सुरू ठेवता येतो; उघडीप दिसत असेल तर पाणी राखता येते. निव्वळ शक्यतेवर धरण रिकामे करा असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. रोजचा पाऊस, पाणलोटातली आवक आणि ठरलेली परिचालन सूची हेच मुख्य राहील. विस्तारित अंदाज हा त्या टेबलावरचा आणखी एक कागद असावा, आणि तो पाहिला गेल्याची नोंद बैठकीच्या इतिवृत्तात असावी. पुढे त्याचा हिशेबही मांडता येईल: किती वेळा तो उपयोगी पडला, किती वेळा नाही.

सिंहस्थासाठी तर हे टाळता येण्यासारखे नाही. २०२७ ची अमृतस्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन पावसाळ्यात आहेत. रामकुंडावर लाखो माणसे आणि वर गंगापूर धरण. २०१५ च्या सिंहस्थात देशाचा पाऊस सरासरीच्या ८६ टक्के होता, तेव्हा चिंता पाणी पुरण्याची होती. २०२७ मध्ये चिंता नेमकी उलटी असू शकते. घाट, तात्पुरते पूल, गर्दी वळवण्याचे रस्ते यांचे अंतिम निर्णय तीन आठवडे आधी घ्यावे लागतात. त्या वेळी विषुववृत्तावर काय चालले आहे हे पाहणारा एक माणूस नियोजनात असायलाच हवा.

अंदाजाच्या मर्यादाही लोकांना उघड सांगाव्यात. पहिल्या दोन आठवड्यांवर भरवसा जास्त, तिसऱ्या-चौथ्यात फक्त कल. दोलन क्षीण असेल तर अंदाजही क्षीण. समुद्रही बदलतो आहे: पुण्याच्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की तापत्या समुद्रांमुळे मॅडेन-ज्युलियन लाटेचा हिंदी महासागरावरचा मुक्काम तीन-चार दिवसांनी घटला आहे आणि इंडोनेशियाच्या बाजूला पाच-सहा दिवसांनी वाढला आहे. तो अभ्यास नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांचा आहे, पावसाळ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण द्राक्षाचा काढणीचा हंगाम त्याच महिन्यांत येतो. म्हणून हे काम सप्टेंबरअखेर थांबवू नये. शेतकऱ्याला ‘दहात सात वेळा’ ही भाषा कळते. बाजारभावाचा अंदाज तो रोज याच भाषेत बांधतो. अंदाज चुकला की टीका होईल, ती सोसावी लागेल.

खर्च म्हणाल तर फारसा नाही. अंदाज सार्वजनिक आहे, उपग्रहाची छायाचित्रे सार्वजनिक आहेत, कृषी सहायकांचे गावोगावी मोबाइल गट आहेत, ग्रामपंचायतीत फळे आहेत. लागतो तो आदेश, आणि दर गुरुवारी दोन तास देणारी माणसे. मजकूर मराठीत उतरवण्याचे आणि माझ्या तालुक्यातल्या शाळांमधून तो फळ्यावर लावून घेण्याचे काम मी आनंदाने करीन. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक प्रत्येक तालुक्यात मिळतील. सुरुवात पूर्व भागातल्या एखाद्या मंडलापासून करावी, येवला किंवा नांदगाव, कारण उघडिपीचा फटका आधी तिथे बसतो. मृग लागण्याआधीचे चार गुरुवार हाती मिळाले तरी पहिल्या पेरणीपूर्वी लोकांना हा कागद वाचायची सवय होईल.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक शेतकरी आणि निवृत्त भूगोल शिक्षक,
तालुका निफाड, जिल्हा नाशिक